आईच्या लुगड्याची उन्हाळी गोधडी



उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे पापड-कुरडया, माठाचे पाणी, मुलांचे घामोळे अशा विषयांची पत्रे येऊ लागतात. या खेपेस परभणी जिल्ह्यातील एका भगिनीचे जरा वेगळे पत्र आले. ते वाचल्यावर आम्ही ठरवलेला विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे. पत्रातील मुख्य मजकूर असा :

"आईला जाऊन दीड वर्ष झाले. तिच्या पत्र्याच्या पेटीत पाच सुती लुगडी आहेत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला, कापूस वेचायला जायची. ही लुगडी तिने बाजाराच्या दिवशी स्वतःच्या मजुरीतून घेतली. मागच्या महिन्यात पेटी उघडली तर एक लुगडे घडीवरच विरलेले दिसले. म्हणून मी म्हटले, उन्हाळ्यात अंगावर घ्यायला पातळशी गोधडी करू. तर मुलगा म्हणतो, 'आई, त्या चिंध्या आता घरात नकोत. आपले ते दिवस गेले. मी तुला चांगली दोहर आणून देतो.' मुलगा शिकलेला आहे, माझा मान ठेवतो. पण त्याचे बोलणे मला टोचले आणि उत्तरही सुचले नाही. शिवाय लुगड्याला कात्री लावायला माझाच हात धजत नाही. काय करावे?"

मुलगा असे का म्हणाला?

आधी मुलाचे बोलणे समजून घेऊ. आपल्या आज्या-पणज्यांनी 'जुनेर' हा शब्द फार ऐकला. गावकीची कामे करायची आणि बदल्यात शिळे तुकडे व जुनेर पदरात घ्यायचे. प्रेतावरचे कापडसुद्धा वाट्याला येत असे. कोणत्या बाईने काय नेसावे आणि किती तोकडे नेसावे हेही गावच ठरवी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. जात ओळखू यावी अशी नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. बायांनी ते मनावर घेतले आणि लुगडे नेसण्याची तऱ्हा तिथल्या तिथे बदलली. अंगावरचे कापड ही आपल्याकडे कधीच साधी गोष्ट नव्हती. तेव्हा मुलाच्या मनात जुन्या कापडाविषयी जी चीड आहे, तिला कारण आहे. त्याला रागावू नये.

पण त्याला एवढे जरूर सांगावे की जुनेर वेगळे आणि आजीचे लुगडे वेगळे. जुनेर दुसऱ्याने नेसून विटवलेले आणि वरून टाकलेले असते. या लुगड्यांचे पैसे आजीने मोजले आहेत. दिवसभर वाकून खुरपल्यावर जी मजुरी हातात आली, तिच्यातून घरखर्च भागवून उरलेल्या पैशांचे ते कापड आहे. त्याला चिंधी म्हणायचे तर त्या मजुरीलाही चिंधी म्हणावे लागेल.

जुने कापड वापरण्यात कमीपणा नाही, हे तर आपल्याला फार पूर्वीच सांगितले गेले आहे. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक गोष्ट आहे. कौशांबीचा राजा उदयन याच्या राण्यांनी भदंत आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला संशय आला की हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय! त्याने आनंदांना गाठून विचारले, एवढ्या वस्त्रांचे करणार काय? आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे झिजली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. खोळी झिजल्या की जमिनीवरचे बिछायत, त्यानंतर पायपुसणी, त्यानंतर धूळ झटकायची फडकी. आणि फडकीही झिजली की ती कुटून चिखलात कालवायची आणि त्याने जमीन लिंपायची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. ही गोष्ट मुलाला वाचायला द्यावी.

आता दोहरीविषयी. दुकानात जयपुरी छापाची दोहर मिळते ती असते काय? दोन किंवा तीन थर मऊ सुती कापड आणि कडेने गोट. आपल्या पातळ गोधडीची बांधणी याहून निराळी नाही. बंगालच्या बायका जुन्या साड्या एकावर एक ठेवून त्यांचा कांथा करतात, साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून त्यावर फुले-पाखरे भरतात. बिहारात तिला सुजनी म्हणतात, कर्नाटकात कौदी. यांतल्या जुन्या कांथा आज परदेशातल्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. आपण मात्र पाहुणे आले की गोधडी पलंगाखाली ढकलतो आणि वर विकतची चादर अंथरतो. आमच्या घरीही हे वर्षानुवर्षे चालले, हे कबूल करतो.

किती कापड लागेल?

नऊवारी लुगडे साधारण सव्वाआठ मीटर, म्हणजे ३२४ इंच लांब. पन्हा ४५ ते ४८ इंच. आपले लुगडे मोजून घ्यावे, कारण धुऊन धुऊन ते आटलेले असते. एका माणसाच्या गोधडीला ९० इंच लांबीचे चार तुकडे लागतात. एका लुगड्यातून असे तीन तुकडे निघतात. पण जुन्या लुगड्याचा बराच भाग विरलेला असतो, म्हणून एका गोधडीला दोन लुगडी धरावीत. पाचवारी साडीतून ९० इंचांचे दोन तुकडे निघतात, तेव्हा पाचवारी असल्या तरी दोनच लागतील.

म्हणजे आपल्या पत्रलेखिका भगिनीच्या चार लुगड्यांत दोन गोधड्या होतील. एक त्यांची आणि एक मुलाची. पाचव्या लुगड्याला कात्री लावू नये. ते आईची आठवण म्हणून आहे तसे राहू द्यावे.

कापडाची पारख

उन्हाळी गोधडीत फक्त सुती कापड घालावे. टेरिकॉट, नायलॉन घाम टिपत नाही आणि अंगाला चिकटते. शंका असेल तर कापडाचा एक दोरा काढून पाण्याच्या ताटलीवर धरून काडीने पेटवावा. सुती दोरा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. कृत्रिम दोरा वितळून त्याची कडक गोळी होते. उभा आणि आडवा असे दोन्ही दोरे तपासावेत, कारण मिश्र कापडात एक सुती आणि एक कृत्रिम असू शकतो.

जुने सुती कापड यासाठी नव्याहून चांगले. त्यातली खळ निघून गेलेली असते, जेवढे आटायचे तेवढे ते आटलेले असते आणि सूत मऊ पडलेले असते. नवे कापड मध्ये घातले तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

लुगडी आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावीत. पेटीतला कुबट वास जातो. आजारपणातले कापड असेल तर रंग जाईल याची पर्वा न करता उकळून घ्यावे. लाल, गडद निळा, हिरवा हे रंग उतरतात का ते पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघावे. रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी घालू नये. पाचवारीला फॉल लावला असेल तर तो उसवून काढावा.

मग एकेक लुगडे दारात उजेडासमोर धरावे. जिथून उजेड जास्त येतो तिथे सूत विरले आहे असे समजावे. काष्ट्याचा भाग, बसण्याची जागा आणि पायाशी घासणारा काठ आधी झिजतो. आपण नेसत्या लुगड्याचा विरलेला भाग कापून टाकतो आणि दोन्ही धडके भाग जोडून दंड घालतो. इथेही तेच करायचे. अगदी विरलेले काढून टाकावे, थोडे झिजलेले मधल्या थरात घालावे आणि धडके वर-खाली.

थर मांडणे

उन्हाळी गोधडी तीन थरांची असावी. थंडीच्या गोधडीत सहा-आठ थर आणि मध्ये जुनी चादर असते, तिचे वजन सहज तीन-चार किलो होते. तीन थरांची गोधडी एक किलोच्या आसपास भरते. पंख्याखाली किंवा गच्चीवर झोपताना अंगावर एवढे वजन पुरे. थरांच्या मध्ये थोडी हवा राहते, आतला थर घाम टिपतो आणि पहाटेचा गारवा अंगाला झोंबत नाही.

आम्ही पहिल्यांदा उन्हाळी गोधडी करायला घेतली तेव्हा 'असू दे जरा भरदार' म्हणून मध्ये जुना पलंगपोस घातला. ती इतकी जड झाली की मे महिन्यात तिला कोणी हात लावला नाही. शेवटी ती पाट्याखाली घालायच्या कामी आली. तेव्हापासून आम्ही एक नियम केला. उन्हाळी गोधडी करताना काय घालायचे यापेक्षा काय घालायचे नाही ते आधी ठरवायचे.

चार तुकड्यांपैकी एक तुकडा उभा चिरून १५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कराव्यात. उरलेल्या तीन तुकड्यांना एकेक पट्टी जोडली की प्रत्येकी सुमारे ५९ इंच रुंदीचे तीन थर तयार होतात. जोड एकावर एक येऊ नयेत म्हणून वरच्या थराची पट्टी डावीकडे, खालच्या थराची उजवीकडे ठेवावी. मधल्या थराची पट्टी उभी दुभागून दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात इंच लावावी. जोड बोटाने दाबून चपटे करावेत, नाहीतर झोपताना टोचतात.

मधल्या थराचे काठ आधीच कापून घ्यावेत. काठ जाड असतो आणि आत राहिला तर ताठरपणा येतो. ते वाया जात नाहीत, शेवटी गोट म्हणून कडेने लागतात. मधला थर त्यामुळे दोन-चार इंच अरुंद झाला तरी बिघडत नाही.

फरशी स्वच्छ पुसून खालचा थर उलटा, म्हणजे चांगली बाजू जमिनीकडे करून अंथरावा. मधोमध हात ठेवून सुरकुत्या कडेकडे सारीत न्याव्यात. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी डबे असे जड काहीतरी ठेवावे. मग मधला थर आणि वरचा थर तसाच नीट पसरावा. कापड ताणू नये, फक्त सपाट करावे. आता वीतभर अंतराने उभे-आडवे लांब लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर एकत्र बांधून टाकावेत. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले की मधला थर सरकतो आणि गोधडीला फुगवटा येतो. मग उसवण्यावाचून उपाय राहत नाही.

टाके

दोरा सुती घ्यावा आणि दुहेरी करावा. नायलॉनचा दोरा मजबूत असतो खरा, पण तो जुन्या कापडाला कापतो. दोरा एका वेळी हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर सरसर चालतो. सुई लांब आणि मोठ्या नाकाची असावी. मधल्या बोटात अंगुस्तान घालावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडी घासताना बोट हुळहुळते.

साधा धावदोरा घालावा. पहिली ओळ मधोमध, उभी. मग एक उजवीकडे, एक डावीकडे अशा ओळी घालत कडेला यावे. दोन ओळींत अडीच इंच अंतर ठेवावे. ५८ इंचांच्या गोधडीत अशा सुमारे २३ ओळी बसतात, म्हणजे सगळी मिळून १७० फुटांच्या आसपास शिवण होते. थंडीच्या गोधडीला आपल्या आज्या अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घालीत. त्या हिशेबाने हीच शिवण साडेआठशे फुटांवर जाते. दाट शिवणीने गोधडी टिकते, पण ताठ आणि जड होते. उन्हाळ्यासाठी विरळ ओळीच बऱ्या. मात्र टाका ओढून आवळू नये. धागा कापडावर टेकला की पुरे.

सगळ्या ओळी झाल्या की कच्चे टाके काढावेत, कडा सारख्या कापाव्यात आणि काढून ठेवलेल्या काठाची घडी कडेवर बसवून गोट शिवावा. डोक्याकडच्या बाजूला वेगळ्या रंगाचा काठ लावावा. म्हणजे रात्री अंधारातही तोंडाकडची बाजू कोणती आणि पायाकडची कोणती ते कळते.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया गोधडी शिवतात. ती कडेपासून आत शिवीत नेतात आणि शेवटी चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांचे छोटे त्रिकोण बसवतात. त्याला त्या 'फुला' म्हणतात. फुलांवाचून गोधडी उघडी, असे त्या मानतात. आपल्याही गोधडीच्या कोपऱ्यांना उरलेल्या पदराचे तुकडे लावता येतील. कोपरा सर्वांत आधी फाटतो, त्यामुळे तो मजबूतही होतो.

हिशेब एका कामाचा

दोऱ्याची रिळे सोडली तर या गोधडीला पदरचे काही लागत नाही, असे आपण सहज म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका आजींना आम्ही गोधडी शिवायला दिली. त्यांनी पैसे सांगितले तेव्हा आम्ही म्हटले, "आजी, कापड तर आमचेच आहे. एवढे कसले?" आजी काही बोलल्या नाहीत, कमी घेतले. पुढे आम्ही स्वतः शिवायला बसलो आणि घड्याळ लावून पाहिले. एक ओळ घालायला वीस-पंचवीस मिनिटे लागली. २३ ओळींचे आठ-नऊ तास झाले. कापणे, जोडणे, कच्चे टाके आणि गोट यांचे आणखी पाच-सहा. सारे मिळून चौदा-पंधरा तास, म्हणजे पुरते दोन दिवसांचे काम. तेही मान वाकवून, डोळे बारीक करून. आम्ही आजींकडे गेलो आणि राहिलेले पैसे दिले. त्या हसल्या. "आता बोट दुखलं व्हय?" एवढेच म्हणाल्या.

भगिनींनो, आपण दुसरीकडून गोधडी शिवून घेत असाल तर दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवूनच पैसे ठरवावेत. आपल्या आया रानात मजुरीला गेल्या तेव्हा त्यांच्याशीही कोणीतरी अशीच घासाघीस केली होती. आणि आपण स्वतः घरासाठी शिवत असाल, तर घरच्यांनाही हा हिशेब एकदा ऐकवावा.

निगा

गोधडी फार वेळ भिजत घालू नये. अर्धा तास पुरे. दोघींनी धरून पिळू नये, पाणी आपोआप निथळू द्यावे आणि दोन दोऱ्यांवर पसरून वाळवावी. पावसाळ्याआधी एकदा धुऊन खडखडीत वाळवून, कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून ठेवावी. दर महिन्या-दोन महिन्यांनी काढून घडी बदलावी. पेटीतले लुगडे घडीवर का विरले, याचे उत्तर इथे आहे. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिले की सूत तिथेच तुटते. पाचवे लुगडे ठेवाल, त्याचीही घडी बदलत राहा. गोधडी कुठे विरली तर उरलेल्या तुकड्याचे ठिगळ लावावे. त्यासाठी थोडे कापड जपून ठेवावेच.

आणि शेवटी आमच्या परभणीच्या भगिनीला. कात्री लावायला हात धजत नसेल तर जे लुगडे घडीवर विरले आहे, त्याच्यापासून सुरुवात करा. ते पेटीत ठेवून वाचणार नाही. अंगावर घेतले तर आणखी दहा उन्हाळे राहील. मुलाशी वाद घालू नका. त्याला आजीच्या मजुरीची गोष्ट सांगा, भदंत आनंदांची सांगा आणि सुटीच्या दिवशी फरशीवर गोधडीची दुसरी बाजू धरायला बसवा. सुई मुलालाही धरता येते. त्याने दोन ओळी घातल्या, वाकड्या का असेनात, की ती त्याचीही गोधडी होईल. त्या ओळी उसवू नका.

तुमच्या घरी गोधडीला काय म्हणतात, वाकळ की आणखी काही, आणि ती कशी शिवतात ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात ठरल्याप्रमाणे माठाच्या पाण्याविषयी.